अंगणातली काळी

पाऊस पडला की ती फुगते, ऊन लागलं की आखडते, आणि दोन्ही वेळा अंगावर जे काही असेल ते हलवून सोडते. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, पुण्याच्या पूर्वेकडचा भाग, जिथे जिथे नवे रो-हाऊस आणि बॉक्स क्रिकेटची मैदानं उभी राहतात तिथे बऱ्याच अंगणांत ती आधीपासून ठाण मांडून बसलेली असते. तुम्ही तिच्यावर कृत्रिम हिरवळ पांघरायला निघाला आहात, म्हणून ही ओळख करून देतो. ही काळी माती.

घराणं फार मोठं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा काळा कातळ झाला आणि तो कातळ झिजून झिजून ही जन्मली. कातळाचा ताठा तिच्यात आला नाही, हट्ट मात्र पुरेपूर आला.

पाण्यासाठी ती वेडी आहे. तिच्या अंगात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे अतिशय पातळ. पाणी त्यांच्यामध्ये शिरतं आणि त्यांना एकमेकांपासून दूर रेटतं. प्रयोगशाळेत तिचा स्वभाव तपासायची पद्धतही मजेदार आहे. 10 ग्रॅम माती केरोसीनच्या नळीत आणि तेवढीच पाण्याच्या नळीत टाकून 24 तास ठेवतात. केरोसीनकडे ती ढुंकूनही पाहत नाही. पाण्यात मात्र अशी फुगते की दोन नळ्यांतली माती एकाच ढिगातली आहे हे सांगूनही पटत नाही.

आपल्या जुन्या लोकांनी तिच्याशी भांडण काढलंच नाही. शेती काळीवर, वस्ती पांढरीवर, असा गावाचा सरळ करार होता. शहरं वाढली, प्लॉट पडले आणि तो करार मोडला. काळी मात्र आपल्या जागी, आपल्या स्वभावासकट राहिली.

आता तिची लबाडी ऐका. मे महिन्यात तिला हात-हात खोल भेगा पडलेल्या असतात. टँकरभर पाणी सोडा, गटागटा पिते. मालक खूश होतो, ‘निचरा उत्तम आहे’ म्हणतो आणि टर्फवाल्याला बोलावतो. जूनच्या पहिल्या सरींपर्यंतही सगळं छान चालतं. मग तिचं अंग भरतं, भेगा मिटतात आणि दार बंद. त्यानंतर आलेल्या पाण्याला ती उंबरठ्याच्या आत घेत नाही. म्हणून तिची परीक्षा कोरडेपणी घेऊ नका. हातभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी बघायला या. दुसऱ्या भरणीचं पाणी बरंचसं तसंच दिसलं, तर तुमची गाठ खऱ्या काळीशी आहे.

टर्फची चटई तशी बिचारी सरळ स्वभावाची. तिच्या पाठीला भोकं असतात. दुकानात नमुन्यावर तांब्याभर पाणी ओतून दाखवतात, ते झर्रकन खाली जातं. खाली म्हणजे कुठे, हे कुणी विचारत नाही. अंगणात ते काळीच्या बंद दाराशी जाऊन थांबतं, चटईखाली साचतं, शेवाळतं आणि कुबट वास मारू लागतं. घरात कुत्रा असेल तर विचारूच नका. उन्हाळ्यात काळी आखडली की चटईखालचा थर खचतो, हिरवळीला लाटा येतात आणि पुढच्या पावसात त्याच खळग्यांत तळी साठतात.

सल्ला देणारे म्हणतात, वाळू मिसळा. तेवढ्याशा वाळूला ती दाद देत नाही. तिच्या बारीक कणांत वाळूचे दाणे रुतून बसतात आणि पाण्याची वाट होती तशीच बुजलेली राहते. ओली असताना जेसीबी किंवा रोलर घातला तर ती आणखी घट्ट होते. तिला हात लावायचा तो वाफशावर, म्हणजे ती चिकटही नाही आणि कोरडी ठणठणीतही नाही अशा ओलीवर. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, बांधकामाच्या ठेकेदाराला मात्र बजावून सांगावं लागतं.

तिच्याशी जमवून घ्यायची रीतही शेतातच सापडते. सोयाबीनसाठी रुंद वरंबा आणि सरी काढतात: पीक उंचावर, जादा पाणी सरीतून बाहेर. पाणी खाली जिरवायचा हट्ट नाही, बाजूने वाट काढून द्यायची. अंगणातही हेच करा. वरचा वीतभर भुसभुशीत थर काढा आणि खुद्द काळीलाच घरापासून दूर जाणारा ढाळ द्या, शंभर फुटाला एक फूट तरी. वर नुसती खडी उतरती टाकून भागत नाही, कारण पाणी अखेर तिच्याच पाठीवरून वाहणार आहे. त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरा, नाहीतर ती हळूहळू वर चढून खडी गिळते. मग भुकटी नसलेली, चाळलेली खडी वीतभर, तिच्यावर बारीक खडीचा पातळ थर दाबून, आणि मग चटई. ढाळाच्या खालच्या कडेला चर, चरात भोकं पाडलेला पाईप, आणि त्या पाईपचं तोंड पावसाळी गटारात. गच्चीवरून उतरणारा पाईप या हिरवळीवर चुकूनही सोडू नका. शोषखड्डा काळीतच संपत असेल तर तो नुसता हौद होतो. खणत मुरमापर्यंत पोचलात तरच त्याचा उपयोग.

हा खर्च चटईच्या खाली गाडला जातो, पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून लोक नेमका इथेच हात आखडतात. माझ्या मते चटई हलकी घेतली तरी चालेल, खडी आणि पाईपमध्ये काटकसर नको.

एवढं ऐकून तिच्याबद्दल मन कलुषित करून घेऊ नका. पाणी धरून ठेवायची जी खोड अंगणात नडते, तिच्याच जोरावर मंगळवेढ्याच्या शिवारात मालदांडी ज्वारी पाऊस थांबल्यावरही जमिनीतल्या ओलीवर पोसते. तेव्हा सगळं अंगण झाकू नका. चराच्या पलीकडे दोन हातांची पट्टी तिला मोकळी ठेवा आणि दसरा झाल्यावर, वाफसा बघून, तिथे मूठभर हरभरा पेरा. फारसं पाणी घालावं लागणार नाही.