शटरच्या वर

सराफ बाजारातून जाताना मी वर बघत चालते. नाशकात ही सवय धोक्याची आहे. खाली स्कूटर, हातगाडी, रस्त्याच्या मधोमध बसलेली गाय आणि पायरीवर मांडलेले तांब्याचे हंडे हे सगळं एकाच वेळी चुकवायचं असतं. भांडी बाजारात एकदा मान वर करून चालताना मी थेट समयांच्या ओळीतच शिरले. दुकानदार समया सावरत म्हणाला, "काकू, पत्ता शोधताय का?" मी हो म्हणाले. समोरच्या सज्जाखालचं लाकडी केळफूल बघतेय, हे सांगायची लाज वाटली.

आमच्या गावठाणातल्या घरांना दोन वयं असतात. जमिनीपासून दहा फुटांपर्यंत घर गेल्या दिवाळीचं. काच, स्टील, दिव्यांची पट्टी आणि फ्लेक्स. त्याच्या वर नजर गेली की सागवानी सज्जा, बिडाचा कठडा, महिरपीची खिडकी आणि तिच्या अर्धवर्तुळात उरलेली एकच निळी काच. या दोन वयांच्या सांध्यावर तारांचं जंजाळ लोंबत असतं आणि त्यावर कबुतरं बसलेली असतात.

माझं माहेर अशाच एका बोळात, सराफ बाजाराच्या उताराला लागून. बोळाच्या अंगाला तीन खण. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच-सहा फूट. जुनी माणसं घर चौरस फुटांत मोजत नसत, "किती खणी?" असं विचारत. पुढे काळ्या दगडाचा ओटा, त्यावर सागाचे खांब, खांबांच्या डोक्याशी हस्त, हस्तांच्या टोकाला उलटी लोंबणारी केळफुलं. वर सज्जा. सज्जाच्या खालच्या पट्टीवर चुन्यात उठवलेली अक्षरं: श्री, आणि खाली शके १८३४. चौथीत असताना त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवून मी १९१२ काढलं होतं आणि वडिलांना दाखवायला पाटी घेऊन धावले होते.

आजीला मात्र असल्या बेरजा लागत नसत. ती म्हणायची, "जॅक्सनला मारलं त्याच्या तिसऱ्या वर्षी घराचं तोंड बदललं." २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. तेव्हापासून आमच्या घरातली लग्नं, बारशी, मयतं सगळी या घटनेच्या आधीची किंवा नंतरची. आजी स्वतः तेव्हा या घरात आलेलीही नव्हती. पण सासूकडून ऐकलेलं ती स्वतः पाहिल्यासारखं सांगे.

'तोंड बदललं' हा तिचा शब्द. तो मला कळायला चाळीस वर्षं लागली.

पणजोबांचा भांड्यांचा व्यापार होता. त्यांच्या आधीचं घर म्हणजे बोळाकडे पाठ केलेला मातीचा वाडा. जाड पांढऱ्या मातीची भिंत, एक बुटकी दिंडी, वर हातभर झरोका. उजेड यायचा तो आतल्या चौकातून. मग प्लेग आला. १८९६ साली मुंबईत सुरू झालेली साथ आमच्या जिल्ह्यातही पसरली. भगूरच्या सावरकर बंधूंचे वडील १८९९ साली तिच्यातच गेले. आमच्या घरातून कोण कोण गेलं ते आजी बोटांवर मोजायची आणि अंगठ्यापाशी येऊन थांबायची. कोंदट घर म्हणजे रोग, ही समजूत तेव्हा सगळीकडे पसरत होती. मुंबईत तर वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच निघाला. नाशकात आमच्या पणजोबांनी समोरची भिंत जागोजागी फोडली आणि खिडक्या काढल्या.

सज्जा पेलायला त्यांनी लोखंडी गर्डर आणले, मुंबईहून रेल्वेनं नाशिकरोडपर्यंत आणि तिथून बैलगाडीनं. त्यातला एक दुकानाच्या छताला उघडा दिसतो. त्यावर उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत: डॉर्मन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड. इंग्रजी मुळाक्षरं मी शाळेच्या आधी त्या गर्डरवर शिकले, त्यामुळे बरेच दिवस मला 'डी'नंतर 'ओ' येतो असं वाटे. याच कंपनीनं पुढे सिडनीच्या बंदरावरचा मोठा कमानी पूल बांधला, तो १९३२ साली खुला झाला. म्हणजे आमचा सज्जा आणि तो पूल हे नात्यातले. सिडनीत राहणाऱ्या मावसबहिणीला मी हे कळवलं होतं. तिनं फक्त अंगठा पाठवला.

छपरावर मंगलोरी कौलं चढली. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत ती लाल, चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं कोकण ओलांडून घाटावर आली. पेठ-सुरगाण्याकडचा साग, इंग्लंडचं लोखंड, मंगळूरची माती आणि ओट्याचा दगड तेवढा गावचा. असं ते घर 'नवं' झालं. आजीची आजेसासू म्हणजे पणजोबांची आई मरेपर्यंत त्या सज्जात बसली नाही. "रस्त्याला तोंड दाखवणारं घर चांगल्या माणसांचं नसतं," म्हणायची. शेजारचे म्हातारे म्हणत, वाड्याचा बंगला केला.

मी मात्र त्याच सज्जात वाढले. चैत्रातल्या कामदा एकादशीला गरुडरथ गावातून निघतो. रामरथ नदी ओलांडत नाही, गरुडरथ ओलांडतो, त्यामुळे आमच्या बाजूला गरुडाचंच कौतुक जास्त. बाजारातल्या एका नातेवाइकांच्या सज्जातून तो बरोबर आमच्या डोळ्यांच्या उंचीवरून जायचा. खालच्या माणसांना रथाची चाकं दिसायची आणि आम्हाला थेट गरुड. रंगपंचमीला तिवंध्याकडून रहाडीत, म्हणजे जमिनीतल्या रंगाच्या हौदात, उड्या मारून आलेली पोरं बोळातून जात आणि रंगात उकळलेल्या फुलांचा उग्र वास वरपर्यंत येई. बायकांसाठी सज्जा हीच रस्त्यावरची जागा होती. निवडायचं ताट मांडीवर घ्यायचं आणि सगळं गाव बघायचं.

१९६९ च्या पावसाळ्यात गंगा गावात शिरली. (नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. बाहेरचे गोंधळतात, आम्ही नाही.) मी आठ वर्षांची होते. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती केव्हाच दिसेनासा झाला होता आणि बोळात गढूळ पाणी ओट्याच्या वर चढत होतं. वडिलांनी खालची भांडी दोरानं सज्जात ओढून घेतली. पाणी उतरल्यावर त्यांनी खांबावर खिळ्यानं एक रेघ मारली. ती रेघ ऑइलपेंटच्या थरांखाली अजून आहे, बोट फिरवलं की लागते.

त्यानंतरच्या बदलांची गोष्ट कमी शोभिवंत. आमच्या वरच्या मजल्यावर दोन भाडेकरू होते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी जिथल्या तिथे गोठवली होती. एका बिऱ्हाडाचे महिना १८ रुपये, दुसऱ्याचे २२. कौलं चाळायला सुतार-गवंडी आणायचा तर वर्षाचं भाडं त्यातच जाई. भाडेकरूंना घर त्यांचं वाटेना आणि आम्हाला ते परवडेना. कायद्याची गरज होती, त्यानं कितीतरी माणसांना डोक्यावर छप्पर दिलं, पण छपराची डागडुजी कोणी करायची ते राहून गेलं. एका बिऱ्हाडानं सज्जाचा कोपरा पत्र्यानं बंद करून तिथे मोरी केली. झिरपणाऱ्या पाण्यानं हस्तांपैकी एक कुजला. खाली वडिलांनी ओट्याची ओसरी दुकानाला दिली. दुकानाला शटर हवं, आणि शटरला मधला एक खांब आडवा येत होता.

तो खांब कापला तेव्हा मी कॉलेजात होते. खरं सांगायचं तर मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मला घराची लाजच वाटायची. मैत्रिणी कॉलेज रोडला, मोझॅकच्या फरशीच्या, वॉशबेसिन असलेल्या घरांत राहायच्या. आमच्याकडे मोरी आणि पाखाडीवर मांजरं. लग्न ठरलं ते फ्लॅटमध्ये, याचा मला नवऱ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

डोळे उघडले ते पुण्यात, पस्तिशीत. विश्रामबागवाड्यासमोर बसची वाट पाहत उभी होते. १८०७ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला वाडा, १८७९ च्या आगीत मोठा भाग जळालेला, लोकवर्गणीतून पुन्हा उभा केलेला. त्याच्या दर्शनी सज्जाला सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर, वर निमुळते खांब आहेत. अगदी तसाच, फक्त गरिबाघरचा, आमचा कापलेला खांब होता. बस आली आणि गेली. मी तिथेच उभी.

परतल्यावर मी एकदम धर्मांतर केल्यासारखी वागू लागले. भावाला सुनावलं, खांब कापून तुम्ही घराचं नाक कापलंत. त्यानं शांतपणे वही काढली. दुकानाचं भाडं किती, वरच्या दोन बिऱ्हाडांचं किती, वडिलांच्या औषधांचं किती. खांब राहिला असता तर दुकान नसतं, दुकान नसतं तर घर विकलं असतं, मग बघितले असतेस तुझे खांब. वहिनी चहा घेऊन आली आणि दोघांनाही म्हणाली, आधी गरम प्या.

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. पण तेव्हापासून बोळाबोळांतून फिरताना मी एक फरक करायला शिकले. एखादी दर्शनी बाजू झाकणं वेगळं आणि कापणं वेगळं. पत्र्याच्या चकचकीत पॅनेलमागून तीन महिरपींची टोकं भुवयांसारखी डोकावतात, तिथे मला राग येत नाही. पॅनेल चार स्क्रूंवर आहे, उद्या निघेल. गणेशपट्टीवर वातानुकूलन यंत्राचा खोका बसवलाय, तोही चालेल, गणपतीला तेवढीच हवा. ऑइलपेंटचे सात थर केळफुलाच्या पाकळ्या बुजवतात, पण लाकूड वाचवतात. राग येतो तो पाण्याचा. सज्जावर सिमेंट ओतून उतार उलटा दिलेला, त्यामुळे पाणी आत मुरतंय, आणि एखाद्या पावसाळ्यात अख्खी भिंत बोळात. दर वर्षी गावठाणात असा एखादा वाडा बसतोच.

झाकणं हे तसं नाशकाच्या स्वभावातच आहे. रहाडी वर्षभर रस्त्याखाली बंद असतात, वर लाकडाच्या फळ्या, माती, रस्ता, त्यावरून रिक्षा. रंगपंचमीला उकरल्या की आत हौद तसाच. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर दुकानांच्या पाट्या कमानींच्या आत बसवून घेतल्या, तेव्हा कमानी नव्यानं कोणी बांधल्या नव्हत्या, त्या पाट्यांमागे होत्याच.

गेल्या वर्षी दुकानाचा भाडेकरू बदलला. जुना फ्लेक्स उतरवला त्या दिवशी भाच्यानं फोन केला. "आत्या, येऊन बघ." गेले तर बोळात चार माणसं मान वर करून उभी, म्हणजे माझी सवय एकदाची बोळाला लागली. फ्लेक्सच्या लोखंडी चौकटीमागे कबुतरांचं घरटं, बिडाच्या कठड्याची शेवटची फुलं, आणि शके १८३४ मधले १८ गळून गेलेले. फक्त ३४. त्याच्याशेजारी गिलावा सुटून पडला होता आणि आत पिवळट मातीच्या भिंतीत एक बुजवलेला, हातभर झरोका दिसत होता. पणजोबांच्या आधीचा. आजेसासूचा. ज्याला मी इतकी वर्षं मूळ घर म्हणत होते, तो तर मातीवर चढवलेला पहिला फ्लेक्स होता.

भाच्याला मी हे बोलून दाखवलं नाही. तो मोबाइलवर फोटो काढत होता.

नवा बोर्ड लावायला फॅब्रिकेटर आला तेव्हा मी मुद्दाम हजर राहिले. बोर्ड आठ इंच खाली घ्यायचा, आकडा झाकायचा नाही, आणि लाकडाला ड्रिल लावायचं नाही, एवढंच मागितलं. नव्या भाडेकरूनं कुरकुर करत मान्य केलं. फॅब्रिकेटरनं भिंतीला भोक पाडलं. आधी पांढरा चुना गळला, मग लाल विटेची पूड, मग पिवळी माती भुरभुर गळतच राहिली. त्यानं प्लग ठोकला, तो बोटानं बाहेर आला. दुसरीकडे ठोकला, तोही आला.

"मॅडम, आत नुसती मातीये," तो शिडीवरून म्हणाला. "काहीच धरत नाही."

मग त्यानं मान वाकडी करून छताखाली पाहिलं, गर्डरवरची धूळ फडक्यानं पुसली, आणि डॉर्मन आणि लाँगच्या मधल्या मोकळ्या जागेत क्लँप कसला.