ओसरी, माजघर आणि क्यूब्ज

"क्यूब्ज टाकू की साधं काही चालेल?" हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला तीन जणांनी विचारला. लगेच वऱ्हाडात संगणक-सुरक्षेची लाट आली असं समजू नका. झालं इतकंच, की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि अमरावती-अकोल्यातल्या कितीतरी चांगल्या चालत्या लॅपटॉपांना विंडोज ११ चालत नाही हे एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. मग 'आता यात काय टाकायचं' हा विषय निघाला की माझा फोन वाजतो. (प्रत्येक खानदानात एकालाच संगणकातलं कळतं अशी समजूत असते, आणि फोन येतो तेव्हा तो एक नेमका जेवत असतो.) तिघांपैकी एकाने क्यूब्जचं नाव यूट्यूबवर ऐकलं होतं, उरलेल्या दोघांनी पहिल्याकडून.

जे या भानगडीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. एका संगणकाच्या पोटात दुसरा, खोटा संगणक चालवता येतो. त्याला वाटतं आपला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची डिस्क आहे. हे व्हर्च्युअल मशीन. खालचा खरा तो यजमान, वरचा तो पाहुणा. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच असलेलं केव्हीएम, आणि घरी सर्व्हर थाटणाऱ्यांचं लाडकं प्रॉक्समॉक्स, ही सगळी सर्वसाधारण कामाची मंडळी. एका यंत्रात चार कामं बसवायची, जुनी प्रणाली जिवंत ठेवायची, काही करून बघायचं आणि बिघडलं तर स्नॅपशॉटवर परत यायचं, यासाठी ती उत्तम. क्यूब्ज ओएस आतून तेच तंत्र वापरतं, पण एकाच हेतूने: एका खोलीला आग लागली तरी बाकीचं घर वाचावं.

तुलना करताना लोक विचारतात, कोणाची भिंत जाड? माझ्या मते त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. तुम्ही राहता कुठे, यजमानात की पाहुण्यात?

घरोघरी दिसणारा प्रकार असा. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स टाकायचा, संशयास्पद फाइल त्यात उघडायची आणि निश्चिंत व्हायचं. पण बाकी सगळं, म्हणजे मेल, बँक, आधार-पॅनचे स्कॅन, पोरांच्या फीच्या पावत्या, हे यजमानावरच चालू असतं. आणि धोका काही 'संशयास्पद' अशी पाटी गळ्यात अडकवून येत नाही, तो 'मार्चचं बिल' म्हणून येतो. काही हुशार लोक मग उलटं करतात, बँकेसाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन ठेवतात. कल्पना छान. पण खालच्या विंडोजमध्येच किडा शिरला असेल तर तो पडदा पाहू शकतो, कळफलकाचं प्रत्येक बटण टिपू शकतो, वरच्या पाहुण्याची मेमरीही वाचू शकतो. आपल्या घरगुती संगणकावर पाहुण्याला यजमानापासून काही लपवता येत नाही.

क्यूब्जने हीच मांडणी बदलली. खाली झेन नावाचा छोटा हायपरवायझर. त्यावर डोम-झिरो, जो पडदा आणि कळफलक सांभाळतो, पण त्याला नेटच दिलेलं नाही. तुम्ही स्वतः जे काही करता ते सगळं पाहुण्यांत. मेल एकात, बँक दुसऱ्यात, पासवर्ड नेट नसलेल्या तिसऱ्यात. वायफायचं कार्ड एका वेगळ्याच मशीनच्या ताब्यात, यूएसबीही तशीच वेगळी काढता येते. आपण कुठल्या खोलीत आहोत ते कळावं म्हणून प्रत्येक खिडकीला रंगीत चौकट. अनोळखी पीडीएफ एका तात्पुरत्या मशीनमध्ये उघडायची, खिडकी बंद केली की ते मशीनही गेलं.

जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. ढाळजेत कोणीही येऊन टेकावं, ओसरीवर ओळखीचा माणूस, माजघरात घरचे. फवारणीचं औषध गोठ्याच्या माळ्यावर, पिण्याच्या पाण्याजवळ कधीच नाही. येणारा प्रत्येक माणूस वाईट असतो असं कोणी म्हणत नव्हतं, पण प्रत्येकाला थेट आत नेत नव्हते एवढंच.

हे उभं करणारी बाई आहे पोलंडची, योआना रुत्कोव्स्का. २००६ साली अमेरिकेतल्या ब्लॅक हॅट परिषदेत तिने 'ब्लू पिल' दाखवलं होतं: चालू असलेली अख्खी प्रणाली तिच्या नकळत उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकायची, आणि खाली आपण बसायचं. खाली बसलेल्याच्या हातात सगळं असतं, हे तिने आधी हल्लेखोराच्या बाजूने दाखवलं आणि मग २०१० मध्ये तेच तत्त्व वापरून घर बांधायला घेतलं. २०१२ मध्ये क्यूब्जची १.० आवृत्ती आली. २०१८ मध्ये ती त्या कामातून बाजूला झाली, पण प्रकल्प चालू आहे.

'एवढं कोणाला लागतं?' असं विचारणाऱ्यांना मी आपल्याच राज्यातलं उदाहरण देतो. भीमा-कोरेगाव खटल्यातल्या एका आरोपीचा लॅपटॉप पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये जप्त केला होता. त्याच्या प्रतीची तपासणी करून आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये अहवाल दिला: जून २०१६ मध्ये मेलमधून आलेली एक फाइल उघडली गेली, तिच्यातून नेटवायर नावाचा दूरनियंत्रक आत शिरला, आणि बाहेरच्या कोणाचा तरी त्या लॅपटॉपवर पुढचे २२ महिने ताबा होता, त्याने त्यात कागदपत्रंही ठेवली. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही. खटल्याचं खरंखोटं हा माझा विषय नाही, तो न्यायालयाचा. मला त्यातली रचना दिसते. एक लॅपटॉप, एकच मोठी खोली, त्यातच मेल आणि त्यातच सगळे कागद. एक दार उघडलं की सगळं उघडलं. तुमचा-माझा लॅपटॉप तंतोतंत असाच आहे, फक्त आपल्यात कोणाला फारसा रस नाही.

अर्थात भिंतींबद्दल भाबडेपणाही नको. २०१५ साली 'व्हेनम' नावाची चूक सापडली. केव्हीएम, झेन, व्हर्च्युअलबॉक्स या सगळ्यांना तिने गाठलं, कारण फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारा क्यूएमूचा जुना कोड सगळीकडे होता. फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं, पण तिचं दार २००४ पासून उघडंच होतं! त्याच वर्षी खुद्द झेनमध्ये सात वर्षं दडलेली एक गंभीर चूक निघाली, पाहुण्याला थेट यजमान होता येईल अशी. क्यूब्जवाल्यांनी आपल्याच पायाबद्दल त्या वेळी जाहीरपणे जे कडक लिहिलं, ते वाचून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. पुढे २०१८ च्या ४.० आवृत्तीत त्यांनी ती जुनी पद्धत बहुतेक सगळीकडून काढून टाकली.

मी स्वतः क्यूब्ज वापरतो. त्याचं कौतुक ऐकवणारे खूप आहेत, म्हणून जाच सांगतो. मेमरी १६ जीबीच्या खाली असेल तर नादी लागू नका. (किमान ६ म्हणतात. सहा जीबीवर क्यूब्ज म्हणजे मालवाहू ऑटोत वरात.) पाहुण्यांना ग्राफिक्स कार्डाचा वेग सहसा मिळत नाही, त्यामुळे साधा व्हिडिओसुद्धा प्रोसेसरच्या जिवावर चालतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेलेला असताना कूलरसमोर बसूनही लॅपटॉपचा पंखा घरघरतो, आणि घरचे विचारतात, काय दळण चालू आहे का?

मराठी माणसाला आणखी एक गंमत. माझ्या यंत्रावर फाइलचं नाव देवनागरीत असलं की खिडकीच्या पट्टीवर अक्षरांऐवजी नुसत्या आडव्या रेघा दिसायच्या. आधी वाटलं फॉन्ट नाही. पण ते मुद्दाम आहे. खोलीतून आलेली चित्रविचित्र अक्षरं डोम-झिरोने रंगवायला घेतली आणि त्या रंगवण्यातच चूक असली तर? म्हणून रोमन अक्षरांपलीकडचं काही नाही. सेटिंग बदलून मराठी दिसू लागतं, मी बदललंही. पण आपली लिपी कोणाच्या तरी हिशोबात 'धोक्याचा भाग' आहे हे वाचून क्षणभर कसंसंच झालं. खोल्यांची नावं मात्र रोमनमध्येच ठेवावी लागतात.

लिपीवरून रिद्धपूर आठवलं, आमच्याच जिल्ह्यातलं. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ पंथात सुरक्षित राहिले. पण लीळाचरित्रासारखं मराठी गद्य बाहेरच्या मराठी वाचकाला शेकडो वर्षं वाचताच आलं नाही. विसाव्या शतकात अभ्यासकांनी लिपी उलगडली तेव्हा कुठे ते सगळ्यांचं झालं. क्यूब्ज वापरताना माझ्या डोक्यात ही गोष्ट वारंवार येते. मला उद्या काही झालं तर बायकोला बँकेच्या खोलीचं दार सापडेल का? विम्याचे कागद नेट नसलेल्या मशीनमध्ये आहेत, ते बाहेर काढायला एक मेनू, मग परवानगीची खिडकी, मग दुसरा मेनू. चोराला जमणार नाही हे खरं, पण तिला तरी जमेल का? म्हणून कपाटात एक पानभर मराठी सूचना लिहून ठेवल्या आहेत, डिस्कच्या पासवर्डसकट. सुरक्षातज्ज्ञ नाकं मुरडतील. मुरडोत.

आता त्या तिघांकडे वळतो. त्यातला अकोल्याचा मामेभाऊ माझ्यासाठी सगळ्यात अवघड प्रश्न होता. दादा जठारपेठेत जीएसटी आणि आयकराचे रिटर्न भरायचं काम करतो. त्याच्या संगणकात पन्नाससाठ लोकांचे पॅन, बँकेचे उतारे, जमिनीचे व्यवहार आहेत. म्हणजे जे राखायचं ते त्याचं स्वतःचं नाहीच, दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेलं आहे. आणि दिवसभर त्याचं काम काय, तर अनोळखी माणसांनी पाठवलेली बिलं उघडणं! कागदावर पाहिलं तर क्यूब्ज ज्याच्यासाठी केलं तो हाच माणूस.

पण त्याचं डिजिटल सहीचं टोकन विंडोजवरच धड चालतं, आणि क्यूब्जमधलं विंडोज हे नेहमीच सावत्र पोर राहिलेलं आहे. २०२३ मध्ये तर विंडोजसाठीचे झेनचे ड्रायव्हर बाधित झालेले असू शकतात असा इशारा क्यूब्जनेच दिला होता. मी दीड तास सगळं समजावून सांगितल्यावर दादाने एकच विचारलं, "मले एक सांग, वीस तारखेले हे बंद पडलं त मी कोणाले फोन लावू? तू अमरावतीले, मी अकोल्याले. तुह्या त्या पोलंडच्या बाईले लावू?"

वीस तारीख ही रिटर्नची. त्या दिवशी बंद पडलेला संगणक म्हणजे साठ घरांचा दंड. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खोटं सांगायचं नव्हतं. कोणापासून तरी वाचवायचं म्हणून माणसाचं कामच अडवायचं, हे मला पटत नाही.

मग सर्वसाधारण साधन घेतलं, पण वागणूक क्यूब्जची. खाली डेबियन, त्यावर केव्हीएम. यजमानावर काहीच करायचं नाही, ब्राउझरसुद्धा काढून टाकला. एका विंडोज मशीनमध्ये रिटर्न आणि टोकन, दुसरं काही नाही. मेल आणि येणारी बिलं दुसऱ्या मशीनमध्ये, तेही लिनक्स, आणि रोज रात्री ते स्नॅपशॉटवर परत जातं. दोघांमधला क्लिपबोर्ड बंद. बिल तपासून झालं की त्यातले आकडेच पलीकडे जातात, फाइल नाही. नेटचं कार्ड आणि यूएसबी यजमानाकडेच आहेत, ही यातली उणीव, आणि ती मी त्याला सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे कागद ढाळजेतच पाहाचा, पटला त आकडा आत न्यायचा. हे जमीन." सहा महिने झाले, जमतंय. पहिल्या आठवड्यात दोनदा फोन आला, नंतर नाही.

बाकी दोघांचं सोपं होतं. अमरावतीतल्या छापखानेवाल्या मित्राकडे युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टांत केलेल्या शेकडो लग्नपत्रिका पडून आहेत, त्या विंडोज एक्सपीवरच उघडतात. त्याला व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी, नेटची तार कापून. तो खूश. आणि काकांना (हो काका, तुम्हीच) फक्त पेपर वाचायचा, बँकेचं पासबुक पाहायचं आणि पुण्याच्या नातीशी बोलायचं असतं. त्यांना ना क्यूब्ज, ना व्हर्च्युअल मशीन. साधं लिनक्स मिंट, अपडेट आपोआप, बस्स. खोल्या वाढल्या की किल्ल्या वाढतात आणि काका चष्मासुद्धा रोज हरवतात :-)

दादाकडची एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. त्याचे निम्मे ग्राहक बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, आणि त्यातच अधूनमधून 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल येते. ती टाकली आणि मेसेज वाचायची परवानगी दिली, की ओटीपी चोराच्या हातात. तिथे माझं डेबियन, केव्हीएम काही कामाचं नाही. सध्या त्याने एक जुना फोन ग्राहकांसाठी वेगळा काढला आहे. बँकेला जोडलेलं सिम त्यात नाही. ग्राहकांना नवा नंबर कळवायचं काम चालू आहे, पन्नाससाठ पैकी तीसेक जणांनी तो सेव्ह केला असेल. उरलेले अजून जुन्याच नंबरवर पाठवतात.