सहावी पिढी

आमच्या घराण्याची वंशावळ अकोल्यास काकांच्या दप्तरांत आहे. तांबड्या कापडांत गुंडाळलेली ती वही काका सहसा कोणाच्या हातीं देत नाहींत. तरी गेल्या दिवाळींत त्यांनीं ती आम्हांस समोर बसून उतरून घेऊं दिली. अमरावतीस परतल्यावर आम्हीं ती संगणकावर घातली. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत केस पांढरे केलेल्या माणसानें या वयांत हा उद्योग कां करावा, असें वाचक विचारतील. काकांनंतर ती वही कोणी उघडील असें आम्हांस वाटेना, हेंच त्याचें कारण.

एक्सएमएल नांवाची जी लेखनपद्धति आहे, ती वंशावळीस फार सोयीची. तींत प्रत्येक माणूस म्हणजे एक डबा. त्याचीं मुलें म्हणजे त्याच्या आंतले लहान डबे, नातवंडें त्यांच्याही आंत. या डब्यांतून वाचतां येईल असें पान तयार करणारी भाषा म्हणजे एक्सएसएलटी. तिची पहिली आवृत्ति १९९९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत आम्हीं आज्ञा लिहिली: मूळपुरुषाचें नांव घे, मग त्याच्या प्रत्येक मुलाचें घे, मग त्या मुलाच्या प्रत्येक मुलाचें घे. अशा पायऱ्या एकींत एक बसवून पांच पिढ्या साधल्या. पान सुरेख छापून निघालें, आणि तें घेऊन आम्ही मोठ्या ऐटींत बडनेऱ्यास गाडी धरून अकोल्यास गेलों.

काकांनीं चष्मा लावला, कागदावरून बोट फिरविलें, आणि तें एका ठिकाणीं थांबलें. “काय रे बाप्पा, माह्या नातवाले तुह्या कागदावर जागा नाहीं काय?”

आम्ही पाहतों तों सहावी पिढी सबंध गायब! पांचवी आमची. पिढ्या मोजतांना आम्ही स्वतःपाशीं येऊन थांबलों होतों. आमची मुलगीसुद्धां त्या कागदावर नव्हती. काका पुढें कांहीं बोलले नाहींत; त्यांनीं वही तेवढी पुन्हा कापडांत बांधली.

सहावी पायरी जोडावी, तर सातवीचें काय? अमरावतीस आमचा एक जुना विद्यार्थी आहे. तो म्हणाला, “सर, पिढ्या मोजूंच नका. एका माणसापुरता नियम लिहा: नांव लिही, मग आपल्या मुलांकडे वळ, आणि त्यांनाही हाच नियम लाव.”

नियमांत तोच नियम! न्यायशास्त्र ज्याला आत्माश्रय म्हणतें, तो दोष आम्हीं त्याला दाखविला. तो हंसला. “सर, नियम तोच, पण डबा दर खेपेस आंतला. ज्याच्या डब्यांत डबा नाहीं, तेथें काम आपोआप संपतें.” तरी लिहितांना आम्हीं चुकलोंच. ‘मुलांकडे वळ’ याऐवजीं नुसतें एक टिंब लिहिलें. त्या भाषेंत टिंबाचा अर्थ ‘स्वतः’. यंत्र मूळपुरुषापाशींच फिरत राहिलें आणि शेवटीं त्यानें हात टेकले. आत्माश्रय खरा कोठें असतो, हें आम्हांस तेव्हां कळलें.

पिढीचा आंकडाही याच रीतीनें उतरतो. या भाषेंत एकदां दिलेली किंमत मागाहून बदलतां येत नाहीं. म्हणून बाप आपला आंकडा तसाच ठेवतो, आणि मुलाला देतांना त्यांत एक मिळवून देतो.

काकांना हें सांगण्यास आम्हीं नारायण पंडिताची गाय पुढें केली. ‘गणितकौमुदी’ या १३५६ सालच्या ग्रंथांत ती आहे: गाय दरवर्षीं एक कालवड देते, आणि प्रत्येक कालवडही चौथ्या वर्षापासून तसेंच करते. वीस वर्षांत खिल्लार २७४५ वर जातें. पण गायीला एक आणि कालवडीला दुसरा, असे नियम तेथें नाहींत. काका शेतकरी, त्यांस हें आमच्याआधीं उमगलें.

त्यांनीं नवें पान शेवटपर्यंत वाचलें. मग म्हणाले, “नातवाले पोरगी झाली परवा. आतां पुन्हा सारं लिहा लागन तुले?”

आम्हीं तेथेंच बसून नातवाच्या डब्यांत एक डबा घातला. नियमाच्या एकाही अक्षरास हात लावावा लागला नाहीं. सातव्या पिढीचें तें पहिलें नांव पाहून काका उठले, आणि वही तांबड्या कापडासकट त्यांनीं आमच्या हातीं दिली.