.३१५ : एका शिकारी रायफलीचे कोडे

१/६
मावळात पूर्वी शिकारीसाठी किंवा पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेल्या बंदुका काही घरांत अजूनही आहेत. नवलाख उंबऱ्यात पाहिलेल्या अशाच एका बी.एस.ए. रायफलीने मला बरेच दिवस कोड्यात टाकले. तिची ठेवण हुबेहूब ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफील्डसारखी. नळीवरचा आकडा मात्र.३०३ ऐवजी .३१५.

२/६
दोन आकड्यांत अंतर .०१२ इंचाचे, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्याशा फरकाने रानडुक्कर अधिक खात्रीने पडत नाही. मग नामांकित कारखान्याने वेगळी नळी घडवण्याचा खटाटोप का करावा? उत्तर शिकारीत सापडत नाही, ते कायद्यात सापडते. .३०३ हे लष्कराचे काडतूस. वसाहतकालीन हिंदुस्थानात ते खासगी बंदुकीसाठी निषिद्ध ठरले. लष्करी कोठारातले काडतूस बाहेर पडले, तरी ते रयतेच्या बंदुकीत चालू नये, हा हेतू.

३/६
या धास्तीचे मूळ १८५७ मध्ये आहे. एनफील्ड रायफलीच्या नळीतल्या पेचदार खाचांमुळे गोळी दूरवर अचूक जाई. उठावानंतर देशी शिपायांसाठी बाहेरून तशीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक तयार करण्यात आली. तिचा व्यास .५७७ वरून .६५६ इंच झाला. लांबचा अचूक नेम बहुतांशी गोऱ्या पलटणींकडे राहिला.

४/६
१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली. युरोपीयांना सूट मिळाली. तरीही १९०७ च्या सुमारास साहेबांच्या .४५० व्यासाच्या शिकारी रायफलींवरही बंदी आली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्याच व्यासाची गोळी लागे आणि ती बंडखोरांच्या हाती पडण्याची भीती होती. बंदुका बनवणाऱ्यांनी मग .४७० आणि .४६५ ची नवी काडतुसे काढली.

५/६
पुढे ईशापूरच्या कारखान्यात लष्करी ली-एनफील्डच्या नळ्या .४१० पर्यंत रुंदावून पोलीस व पहारेकऱ्यांसाठी बंदुका तयार झाल्या. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला गेला : एका वेळी एकच बार.

६/६
लोणावळा-पुणे लोकलने जाताना खडकी लागते. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. '८ एमएम के.एफ.' असा छाप असलेले .३१५ चे काडतूस तिथलेच. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला, तरी निषिद्ध आणि अनिषिद्ध बोअर ही विभागणी टिकली. परवानाधारक शेतकरी आजही .३१५ घेतो, तेव्हा त्याच्या नळीचा व्यास शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या अविश्वासाने ठरवलेला असतो. म्हणून जुन्या बंदुकीपुढे उभे राहिल्यावर तिने किती वाघ मारले, हे विचारण्याआधी मी विचारतो : ही बंदूक अशी घडवताना कोणाला कोणाची भीती वाटत होती?