पत्र्यावरची नामावळी

अक्षर डोळ्यांआधी बोटांना कळलं. गॅरेजमध्ये नोव्हेंबरचा ओला अंधार होता, बॉनेट उघडं होतं. रॉकेलच्या बोळ्याने मी साठ वर्षांचं ग्रीस आणि त्यावर कुणीतरी बेफिकिरीने फवारलेला लाल रंग पुसत होतो. रिव्हेट मारून बसवलेली पत्र्याची छोटी पट्टी हाताला लागली. आधी जी, मग एच, मग डी, मग तीनचा आकडा आणि त्यापुढे गाडीचा अनुक्रमांक.

ही एमजी कंपनीची एमजीबी जीटी. नंबरप्लेटच्या शेवटी डी आहे, म्हणजे नोंदणी १९६६ ची. मी ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनला राहतो आणि ही गाडी याच गावात जन्मली. पाच लाखांवर एमजीबी इथून बाहेर पडल्या. कारखाना २४ ऑक्टोबर १९८० ला बंद झाला, पण गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तो अजून सुरू आहे.

त्या पट्टीची भाषा एकदा कळली की गाडी आपण होऊन बोलू लागते. जी म्हणजे एमजी. एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीच्या गटातलं इंजिन. या गाडीचं १७९८ सीसीचं. डी म्हणजे पक्क्या छपराची कूपे. उघड्या टपाची असती तर तिथे एन असता. तीन हा मालिकेचा आकडा. १९६७ च्या अखेरीस त्याचा चार झाला आणि १९७० च्या मॉडेलला पाच. कूळ, ताकद, अंगकाठी, पिढी, सगळं एवढ्याशा जागेत.

मला त्या क्षणी नाशिक आठवलं. बाबांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो. उपाध्यायांनी विचारलं, ‘‘मूळ गाव कोणतं? आडनाव काय?’’ आणि घरातून नामावळीची लांबट चोपडी आणली. तिच्यात माझ्या पणजोबांचं अक्षर होतं. मोडी. मला एक शब्द लागेना. गुरुजींनी बोट टेकवत टेकवत वाचलं: कोण आलं होतं, कशासाठी, सोबत कोण कोण. त्यात एका मुलीचं नाव निघालं, पणजोबांच्या थोरल्या लेकीचं. आमच्या घरात ते नाव कधी कुणी उच्चारलं नव्हतं. आत्याला फोन केला, तिलाही ठाऊक नव्हतं. घर विसरलं होतं, चोपडी विसरली नव्हती.

एमजीची चोपडी गेडनला आहे. वॉरिकशायरमधल्या या गावात ब्रिटिश मोटर म्युझियम आहे आणि त्याच्या संग्रहात जुन्या कारखान्यांच्या उत्पादनाच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. आपण चासी नंबर कळवायचा, शुल्क भरायचं. तिथला माणूस नोंद शोधतो आणि प्रमाणपत्र पाठवतो. गाडी कधी बांधली, कारखान्यातून कधी निघाली, रंग कोणता, आतलं कापड-चामडं कोणतं, इंजिनाचा मूळ नंबर काय, कोणत्या विक्रेत्याकडे गेली. मी अर्ज केला आणि वाट पाहू लागलो.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट कळली आणि मला ती फार आवडली. एमजीच्या कितीतरी जुन्या मॉडेलांचा पहिला चासी नंबर ०२५१ असे. का? कारखान्याचा टेलिफोन नंबर ॲबिंग्डन २५१ होता म्हणून! कोऱ्या पानाच्या माथ्यावर आपण श्री लिहितो, तशी या लोकांनी आपल्या दारचीच खूण पहिल्या गाडीवर उमटवली. आकड्यांत जीव नसतो असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

एमजीबीच्या अंगावर आणखीही नंबर सापडतात. चासीचा वेगळा, इंजिनाचा वेगळा, बॉडीचा वेगळा. जीटीची बॉडी स्विंडनला घडायची, रंग काउलीला चढायचा आणि मग ती ॲबिंग्डनला येऊन तिच्यात इंजिन बसायचं. एकच क्रमांक सगळीकडे शोधणारा नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. जन्म एका गावी, बारसं दुसऱ्या आणि संसार तिसऱ्या गावी, अशी ही गाडी.

बिस्टरला, जुन्या हवाई दलाच्या तळावर, जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात. तिथे एका अमेरिकन डॉज चार्जरचं बॉनेट उघडं होतं. क्रायस्लरच्या त्या दांडग्या गाड्यांना आतल्या बाजूला एक पत्र्याची पट्टी असते आणि ती खालून वर वाचायची असते. सर्वांत खालची ओळ पहिली. मालकाने वाचून दाखवली आणि मग सांगितलं, की कारखान्यातला जोडणीचा कागदही कधीकधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो, उंदरांनी ठेवला असेल तर. आजच्या गाड्यांना जगभर सतरा खुणांचा एकसारखा क्रमांक असतो. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. ब्रिटिश गाडीचा क्रमांक एस अक्षराने सुरू होतो. आपल्या मारुतीचा, महिंद्राचा एम आणि ए या अक्षरांनी. जोडून वाचलं तर मा.

इंजिनाने मात्र मला हुरहुर लावली. ब्लॉकच्या उजव्या बाजूच्या पट्टीवर सुरुवातीला १८जीबी हवं होतं. निघालं १८व्ही, म्हणजे १९७१ नंतरचं. मूळ इंजिन केव्हाच कुठेतरी भंगारात गेलं असणार. एका कारागिराने सुचवलं, प्रमाणपत्र आलं की मूळ नंबरची नवी पट्टी ठोकून देतो, कुणाला कळणार नाही, गाडीची किंमत वाढेल. मी नाही म्हटलं. ही माझ्या मते चोरी आहे, आणि ती पुढच्या माणसाच्या घरात होते. या देशात फार बदललेल्या गाडीची ओळख ठरवायला कित्येक वर्षं गुणांची पद्धत होती: जुना नंबर टिकवायला किमान आठ गुण लागत. त्यात चासी किंवा बॉडीला पाच आणि इंजिनाला फक्त एक. ओळखच संशयास्पद ठरली तर क्यू अक्षराची नंबरप्लेट मिळते. तो एक गुण मी गमावला आहे आणि विकताना तसं लिहून देईन.

डिसेंबरात प्रमाणपत्र आलं. रंगाच्या रकान्यात लाल नव्हता. पेल प्रिमरोझ होता. फिकट पिवळा, दुधात केशराच्या दोन काड्या विरघळाव्यात तसा. मी तसाच गॅरेजमध्ये गेलो, मागचं सुटं चाक उचललं, त्याखालचा कोपरा खरवडला. लाल, मग करडा, मग पिवळा. साठ वर्षं तिथे ऊन पोचलं नव्हतं, म्हणून तो अगदी ताजा होता. मी बराच वेळ तिथे बसून राहिलो. ते न उच्चारलेलं नाव तेव्हा माझ्या ओठांवर आलं.

अर्जासोबत मी पट्टीच्या फोटोबरोबर तिचा छापही पाठवला होता. ती रीत बाबांची. आरटीओत जायच्या आदल्या रात्री ते स्कूटरच्या चासी नंबरवर पातळ कागद धरत, शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासत, आणि काळ्या ढगातून पांढरे आकडे वर येत. ‘‘दाबू नकोस,’’ ते सांगत, ‘‘आपोआप येतात.’’

तुमच्या वाड्याच्या मागे एखादी पद्मिनी, एखादी ॲम्बॅसेडर चिंचेखाली गंजत उभी असेल. भंगारवाल्याला निरोप धाडण्याआधी एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन तिच्याजवळ जा. छाप उमटला की मागे तारीख घाला, ती गाडी कुणी घेतली होती त्यांचं नाव लिहा, आणि तो कागद घरच्या कागदपत्रांत ठेवा.