निवेदन दुसऱ्याच्या हाती

युद्धावरची कादंबरी हातात घेतली की मी आधी एकच गोष्ट पाहतो. सांगणारा माणूस सांगताना कुठे उभा आहे? ‘मी’ भूतकाळात बोलू लागला की वाचकाला नकळत एक हमी मिळते: हा यातून जगला वाचला आहे. मग तोफा कितीही धडाडोत, त्याच्या जिवाची धास्ती उरत नाही.

एरिक मारिया रेमार्कने ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये ही हमीच काढून घेतली. मूळ जर्मन पुस्तक १९२९चं. त्याचा पॉल बॉयमर वर्तमानकाळात बोलतो. पुढच्या पानावर काय आहे हे त्याला वाचकाइतकंच ठाऊक असतं. सुरुवात होते ती जेवणापासून. आघाडीपासून नऊ किलोमीटर मागे पोरं पोटभर जेवून खुशीत बसली आहेत. स्वयंपाक दीडशे जणांचा झालेला, परतले मात्र ऐंशी. आचारी ऐंशी जणांपुरतंच वाढायचं म्हणून अडून बसतो, पोरं हट्टाला पेटतात आणि शेवटी सगळं पदरात पाडून घेतात. माणसं गेल्याचं वाक्य येतं, पण ते दुप्पट वाढपाचं कारण म्हणून येतं. मला ही जागा विलक्षण वाटते. इथे लेखकाने शोकाचं एक जरी विशेषण घातलं असतं, तरी तो आवाज त्या पोरांचा राहिला नसता. भुकेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आधी ताट दिसतं. लेखकाने ते मान्य केलं, म्हणून रिकाम्या जागा आपल्याला दिसतात.

हा आवाज सुरुवातीला ‘आम्ही’ असतो. जेवण, झोप, भीती, शिव्या, सगळं सामाईक. पुढे एका चढाईत पॉल तोफगोळ्याच्या खड्ड्यात अडकतो. अंगावर येऊन पडलेल्या फ्रेंच सैनिकाला तो भोसकतो आणि तो माणूस मरेपर्यंत तासन्‌तास त्याच्या शेजारी पडून राहतो. तिथे ‘आम्ही’ गळून पडतो. उरतो ‘मी’, आणि समोरच्या शवाला उद्देशून येणारं ‘तू’. खिशातल्या कागदांवरून कळतं, हा जेरार द्यूव्हाल, छापखान्यातला कामगार. नाव कळल्यावर निवेदनाला सुटकेची वाट राहत नाही. शेवटच्या दोन छोट्या परिच्छेदांत तर ‘मी’सुद्धा नाही. ऑक्टोबर १९१८मधला एक दिवस, आघाडीवर विशेष काही नाही असं लष्करी वार्तापत्र सांगतं त्या दिवशी, ‘तो’ पडला. कोण सांगतंय? माहीत नाही. ज्याच्या सोबत आपण इतकी पानं चाललो, त्याचं मरण त्याला स्वतःला सांगता येत नाही. कुणीतरी परका पुढे होतो आणि कोरडेपणाने सांगून टाकतो.

बाओ निन्हच्या ‘द सॉरो ऑफ वॉर’मध्ये निवेदन असंच दुसऱ्याच्या हाती जातं, पण उलट कारणाने. बाओ निन्ह स्वतः उत्तर व्हिएतनामच्या सैन्यात लढलेला. त्याचा किएन मरत नाही. वाचतो, मृत सैनिकांचे अवशेष गोळा करत जंगलं पालथी घालतो आणि नंतर हनोईत रात्री-रात्री लिहीत बसतो. काळाचा क्रम त्याच्या हाताला लागतच नाही. शेवटी ‘मी’ म्हणून एक वेगळाच माणूस बोलू लागतो: एका मुक्या स्त्रीने जपलेली ती विस्कळीत पानं त्याच्याकडे आली आहेत आणि तो ती उतरवून काढतो आहे. आधीची सगळी उलथापालथ शैलीची हौस नव्हती, हे तिथे उमगतं. आपल्याकडे विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) रणांगण कुठेच नाही, बोट आहे; तिथेही नायक चक्रधरचं निवेदन अखेरीस त्याला बोटीवर भेटलेल्या हॅर्टाच्या पत्रांपुढे थांबतं. तीन देश, तीन भाषा, आणि तिन्ही ठिकाणी एकाच गळ्याला शेवटपर्यंत जाता आलेलं नाही. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

सध्या मी सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या एका मराठी शिपायाची गोष्ट लिहितो आहे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराचा वेढा. माझा शिपाई निरक्षर आहे, त्यामुळे कोण सांगणार हा प्रश्न माझ्यापुढे पहिल्या पानापासून उभा आहे. पहिल्या महायुद्धातले अनेक हिंदी सैनिक पत्रं दुसऱ्याकडून लिहवून घेत. फ्रान्सच्या आघाडीवरून गेलेली कितीतरी पत्रं तर आज सेन्सॉरने केलेल्या इंग्रजी उताऱ्यांपुरतीच उरली आहेत. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, निवडून ठेवणारा तिसरा. अशा माणसाला सफाईदार, एकसंध ‘मी’ द्यायचा म्हणजे त्याच्या तोंडी माझंच शिक्षण घालायचं. ते मला करायचं नाही.

म्हणून पत्र लिहून देणाऱ्याला मी कादंबरीत बसवलं आहे. त्याच पलटणीतला, चार इयत्ता शिकलेला. वेढा पडल्यावर पत्रं बाहेर जायला वाट उरत नाही, तरी शिपाई सांगत राहतो आणि हा लिहीत राहतो. आधी तो शब्द न शब्द उतरवतो. मग रेशन घटतं, घोडे कापले जाऊ लागतात आणि शिपायाचं बोलणं कमी-कमी होत जातं. तरी पत्रांची लांबी मात्र तेवढीच राहते. सांगणाऱ्याने न सांगितलेली वाक्यं पत्रात कोणत्या दिवशी शिरली, हे वाचकाला दाखवायचं की त्याचं त्याला ओळखू द्यायचं, यावर मी अजून दोन्ही बाजूंनी लिहून पाहतो आहे.