रविवारचं अळणी ताट



कच्च्या केळ्याच्या वड्यांबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे, आज लिहितेच. पण वड्यांपर्यंत पोचायला मला आमच्या आक्कांच्या रविवारावरून जावं लागेल, तेव्हा जरा धीर धरा.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७८. आयुष्य सांगलीकडच्या गावात गेलं आणि मामंजी गेल्यावर आमच्याकडे वसईला आल्या. कंदमूळ त्यांनी कधी खाल्लं नाही, सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेत नाहीत, आणि गेली तीसेक वर्षं रोज एक रस सोडतात. रविवारी मीठ, सोमवारी हिरवी भाजी, मंगळवारी गोड, बुधवारी तूप, गुरुवारी दूध, शुक्रवारी दही, शनिवारी तेल. घराघरांत हा क्रम थोडा मागेपुढे असतो, आमच्याकडे असा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी कोणी ना कोणी हे पाळत असेल.

गेल्या वर्षी जानेवारीत आक्का बाथरूमच्या दाराशी घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण घरी आल्यावर त्यांची भूकच गेली. ४८ किलो वजन एप्रिलपर्यंत ४१ वर आलं. वॉकर धरून चार पावलं टाकली की पाय थरथरायचे. डॉक्टर म्हणाले, हाड जुळतंय पण मांस झडतंय, प्रथिनं वाढवा, आणि जमलं तर रात्री झोपताना पेलाभर दूध द्या.

रात्रीचं दूध! आक्कांनी डॉक्टरांसमोरच मान हलवली. घरी आल्यावर माझ्या यजमानांनी समजावलं, नणंदेनं फोनवर समजावलं, आजारपणात नियमाला सूट असते असंही सांगून झालं. आक्का एवढंच म्हणाल्या, "माझं पोट भरवायला माझा नियम कशाला मोडतोस? पोट दिवसाही भरतंय की." तो विषय तिथंच थांबला, आणि मलाही त्यांचं म्हणणं पटलं. तीस वर्षं पाळलेलं एखादीनं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नाइलाजानं सोडलं, तर ते दूध अंगी लागेल असं मला तरी वाटत नाही. तेव्हा जे करायचं ते दिवसा, आणि मर्यादेतच करायचं असं ठरवलं.

आता अडचण सांगते. आमचे हे लोअर परळला जातात, मुलगी अंधेरीला. विरार लोकलचं मी तुम्हाला काय सांगू! संध्याकाळच्या गर्दीत डबा उघडणं सोडाच, हात खाली करायला जागा नसते. मुलगी ऑफिसातच साडेपाचला डबा खाऊन निघते. जुलैच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सव्वासातनंतर मावळतो, तेव्हा थोडी मोकळीक असते. नोव्हेंबरअखेर तो सहाच्या सुमाराला जातो, मग साडेपाच म्हणजे अगदी काठावर. थोडक्यात, सोमवार ते शनिवार आक्का संध्याकाळी एकट्याच जेवायच्या. मी समोर बसायचे, पण चूल सांभाळत बसलेली सून म्हणजे काही पंगत नव्हे.

सगळे एकत्र जेवतील असा एकच दिवस, रविवार. आणि नेमका त्याच दिवशी आक्कांचा मीठत्याग. आमच्या ताटात वांग्याची भाजी, मसालेभात, आणि त्यांच्या ताटात दूधभात नाहीतर नुसतं वरण. त्या दोन घास खाऊन "झालं माझं" म्हणत उठायच्या. मोठं घर होतं, दहा बायका राबत होत्या तेव्हा वेगळं ताट खपून गेलं असेल. चार माणसांच्या टेबलावर ते वेगळं ताट फार दिसतं.

म्हणून मे महिन्यापासून मी रविवारचा अख्खा संध्याकाळचा स्वयंपाकच अळणी करायला लागले. मिठाची वाटी टेबलावर ठेवते, ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं. आमचे हे पहिल्या घासाच्या आतच वाटीकडे हात नेतात, तो भाग वेगळा.

बिनमिठाचं रांधणं म्हणजे नेहमीच्या स्वयंपाकातून मीठ वगळणं नव्हे, हे दोन रविवारांत कळलं. मीठ कडूपणा दाबतं. ते काढलं की मेथी, कारलं, अगदी शेवग्याचा पालासुद्धा जास्तच कडू लागतो, म्हणून त्या भाज्या इतर वारी. पातळ आमटी बिनमिठाची पाण्यासारखी लागते, तीच घट्ट केली की डाळीची स्वतःची चव येते. आंबट आणि भाजलेलं, या दोन गोष्टींवर सगळा भार. चिंच, लिंबू, कैरी चालते. कोकमाच्या आगळात मात्र मीठ असतं, ते लक्षात ठेवा. पापड, लोणचं, पाव, बाजारच्या कितीतरी तयार मसाल्यांतही असतं. मी सुकं खोबरं, पांढरे तीळ, धणे, जिरं आणि ब्याडगी मिरची वेगवेगळी खमंग भाजून जाडसर कुटते. आमच्या माहेरी कांदालसणाची चटणी नसलेल्या घरांत असाच मसाला असायचा. तुरीच्या घट्ट वरणात हा दोन चमचे, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, वरून तूप, जिरं, हिंगाची फोडणी. पहिल्यांदा केलं तेव्हा आक्कांनी वाटी पुन्हा पुढे केली. बरोबर जोंधळ्याची भाकरी होतीच, आणि तिला तर आपण मीठ कधी घालतच नाही.

प्रथिनांचा हिशेब मी साधा ठेवला. शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, पण आक्का एका वेळी तीस ग्रॅम डाळ खातील तर नशीब. मग ती निरनिराळ्या वाटांनी पोटात घालायची. भिजवलेल्या मूगडाळीची धिरडी, आत घरचं पनीर किसून. फुटाण्याच्या डाळीचं पीठ जोंधळ्याच्या पिठात मिसळून थालीपीठ. याची भाकरी करायला जाऊ नका, थापताना कडा फाटतात. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीनच दिवसांची, त्यामुळे घरघंटीवर थोडं थोडं दळते.

आणि कढी. द्विदळाचा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच. कच्च्या ताकात बेसन कालवायचं नाही, म्हणजे ताक आधी उकळायचं, आणि नुसतं ताक उकळलं की फाटतं. यावर मला जमलेला उपाय असा. दोन वाट्या गार ताकात चमचाभर तांदळाचं पीठ कालवायचं. तांदूळ काही द्विदळ नाही. मंद आचेवर एकाच दिशेनं सतत ढवळत उकळी आणायची. पिठीमुळे ताक धरून राहतं. चांगली उकळी आली की पाण्यात कालवलेलं बेसन घालायचं आणि पुन्हा शिजू द्यायचं. मी चार वेळा केलीय, चारही वेळा रेशमासारखी झाली.

आता वडे. वसईत राहून केळ्यांना तोटा नाही. कच्ची केळी सालासकट कुकरमध्ये दोन शिट्ट्या, जास्त नाही, नाहीतर चिकट लगदा होतो. कोमट असतानाच सोलून किसायची, गार झाली की गुठळ्या राहतात. बटाट्यापेक्षा केळं कोरडं असतं, म्हणून चार केळ्यांना मूठभर भिजवलेले पोहे कुस्करून घालते. हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, हिंग, आल्याऐवजी चिमूटभर सुंठ, तीळ, आणि रविवार असेल तर लिंबू दुप्पट. बेसनाच्या पिठात बुडवून तळायचे. गरमच खायचे, गार झाल्यावर बिनमिठाचे वडे मलाही जात नाहीत.

ही केळी आमच्याकडे येतात ती शेजारच्या मावशींकडून. त्या इथल्याच, वसईच्या ख्रिस्ती. माहेर आगाशीकडचं, तिथं अजून थोडी वाडी आहे. आगाशी म्हटलं की आपल्याला मुनिसुव्रत स्वामींचं मंदिर आठवतं, त्यांना सुकेळी आठवतात. पिकलेली राजेळी केळी सोलून कडक उन्हात कितीतरी दिवस वाळवतात. ना साखर, ना तेल. मधासारखा रंग येतो आणि चव खजुराच्या जवळपास जाते. त्यांनी आक्कांसाठी एक पुडा दिला, "हे फळच आहे, तुमच्या आक्कांना चालेल ना?" असं आधी विचारून. आमच्याकडे शिजवलेलं पाठवायचं नाही हे त्यांना माहीत आहे, कधी सांगावं लागलं नाही. आक्का दुपारी चारला अर्धं सुकेळं खायच्या, पुडा चातुर्मास लागायच्या आत संपवला. मावशींच्या उपवासकाळात त्या मांसमच्छी वर्ज्य करतात, तेव्हा माझे वडे आणि ती खोबऱ्याची आमटी त्यांच्याकडे जाते. त्यांनी आमटीत लसूण घालून पाहिला म्हणे. घालोत बापड्या.

जुलै २०१८ चा पाऊस इथल्यांना आठवत असेल. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं आणि गाड्या बंद पडल्या. आमच्याकडे वीज नव्हती, घरघंटी बंद, मर्यादेचं पीठ संपलेलं. तेव्हा आक्कांनी पदर खोचून मोठ्या पातेल्यात मूगडाळीची खिचडी रांधली आणि मजल्यावरच्या सगळ्या घरांना दिली. मावशी ती अजून काढतात. गेल्या वर्षी मे महिन्यात आक्का स्वतःचं ताटही उचलू शकत नव्हत्या, ते पाहून मला ती खिचडीच आठवत राहायची.

दिवाळीच्या सुमाराला वजन साडेत्रेचाळीस झालं. डॉक्टरांना रविवारचं मीठ आणि रात्रीचं दूध दोन्ही स्पष्ट सांगितलं होतं, रक्त तपासून ते म्हणाले चालू ठेवा. तुमच्या घरी वयस्कर माणूस असेल, बीपीची गोळी चालू असेल, तर मीठ सोडण्याआधी विचारून घ्या.

परवाच्या रविवारी मुलगी आणि तिची मैत्रीण दोघी जेवायला होत्या. पावणेसहाला पानं घेतली. मैत्रिणीनं मिठाची वाटी मागितली, तर आक्का तिला म्हणाल्या, "आधी एक घास तसाच खाऊन बघ गं बाळ, मग घे." तिनं एक घास खाल्ला आणि तरीही मीठ घेतलं. आक्का हसल्या आणि स्वतःच्या ताटात तिसरा वडा वाढून घेतला.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आहेत आणि शनिवार आहे, म्हणजे बिनतेलाचा दिवस. वडे तुपात तळून पाहणार आहे.